एक्केचाळीस आणि एकशेअठरा

(वाचकाच्या विनंतीवरून नाव, गाव आणि तालुका छापलेला नाही.)

*आदरणीय ताई,*

*मी ३८ वर्षांचा आहे. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं ठिबक आणि पाइप-फिटिंगचं दुकान आहे. नोव्हेंबरच्या विधानसभेला एका छोट्या पक्षाकडून उभा होतो, निशाणी शिलाई मशीन. ३२१ बूथ मिळून मतं पडली २,३१७. डिपॉझिट गेलं. त्याचं वाईट वाटतंच, पण माझ्या स्वतःच्या गावात, माझ्या स्वतःच्या बूथवर मला फक्त ४१ मतं आहेत, ते जास्त लागलं. आमच्या भावकीचीच ९० मतं आहेत त्या यादीत. मोठा भाऊ निकालापासून माझ्याशी नजर मिळवत नाही, त्याच्या घरात सहा मतं. पडलेल्या मोठ्या उमेदवाराची माणसं म्हणतात, तू मतं खाल्लीस. तो १,९०४ मतांनी पडला. मित्र म्हणतात मशीनमध्येच घोळ आहे, कोर्टात जा. खर्च ४ लाख ६० हजार झाला. त्यात बायकोचं सोनं तारण ठेवून २ लाख घेतले, १ लाख २० हजार उसने घेतले, आणि काहींचं देणं अजून बाकी आहे. पक्षाचे जिल्हाध्यक्ष फोन उचलत नाहीत. निकालापासून दुकान उघडलेलं नाही, रात्री झोप नाही. एका मोठ्या पक्षाचा निरोप आलाय, ‘झेडपीला तिकीट देतो, या.’ जाऊ का? की राजकारण सोडून देऊ? आणि घरातल्या घरात घात कुणी केला हे कसं शोधू? बूथवार मतांच्या तक्त्याचे फोटो सोबत पाठवतोय.*

भाऊ,

तुमचं पत्र ११ डिसेंबर २०२४ ला हाती आलं आणि या आठवड्याची बाकीची पत्रं मी बाजूला ठेवली, कारण तुमच्या पत्रात जे नाही तेच आधी सांगायला हवं. २३ डिसेंबर ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा. निकाल २३ नोव्हेंबरला लागला. निकालापासून ३० दिवसांच्या आत निवडणूक खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे जमा करावा लागतो. जिंकलेल्याला लागतो, तसाच डिपॉझिट गेलेल्यालाही लागतो. हरलेले उमेदवार, त्यातही छोट्या पक्षांचे आणि अपक्ष, नेमके इथेच चुकतात. मन उडालेलं असतं, वही कपाटात पडून राहते, आणि मग एक दिवस निवडणूक आयोगाची नोटीस येते. हिशेब दिलाच नाही किंवा योग्य कारणाशिवाय उशिरा दिला, तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. पुढे राजकारण करायचं की नाही हे तुम्ही ठरवा. एका न दिलेल्या वहीने ते तुमच्यासाठी ठरवू नये.

अर्ज भरताना मिळालेली वही काढा. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोख, पिवळ्या पानांवर बँक. ज्यांचं देणं बाकी आहे त्यांची बिलंही त्यात यायला हवीत. पैसे दिले नाहीत म्हणून तो खर्च झालाच नाही, असं होत नाही. बाकी रक्कम बाकी म्हणून दाखवा. निवडणुकीसाठी उघडलेल्या खात्याचं पासबुक भरून घ्या, गोषवारा आणि शपथपत्र जोडा आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका. मर्यादा ४० लाखांची होती, तुमचा खर्च त्याच्या जवळपासही नाही, तेव्हा लपवण्यासारखं काही नाही.

आता बसून बोलू.

मीही हरलेली आहे. १९९७ साली जिल्हा परिषदेच्या बायकांसाठी राखीव असलेल्या एका गटातून एका छोट्या पक्षाने मला उभं केलं होतं. निशाणी कपबशी. मला ६११ मतं पडली. निकालानंतर एकोणीस दिवस मी घराचा उंबरा ओलांडला नाही. आमच्याकडे एक पोरगा होता, विशीतला, त्याने गटातल्या चाळीस भिंतींवर माझी कपबशी रंगवली होती. भिंतीला आठ रुपये ठरले होते. निकालानंतर तो तीनदा घरी आला. हातात रंगाचा रिकामा डबा, त्यात ब्रश. दारात उभा राहायचा, ‘बरं आहे ना ताई’ म्हणायचा, मी त्याला चहा द्यायची आणि माझं दुःख सांगत बसायची. मला वाटायचं, पोरगा धीर द्यायला येतोय. तिसऱ्या वेळी सासूबाईंनी आतून विचारलं, ‘बाळा, तुझे पैसे राहिलेत का?’ तो म्हणाला, ‘रंग उसना आणला होता, आजी. दुकानदार रोज विचारतो.’

३२० रुपये. माझ्या दुःखात मला ते दिसलेच नव्हते. आजही आठवलं की मान खाली जाते.

म्हणून सांगते, देणं फेडताना क्रम उलटा लावा. मोठ्या देणेकऱ्याचा तगादा मोठा असतो, त्यामुळे आपण त्याला आधी देतो आणि गरीब माणूस दारात उभा राहून परत जातो. भोंग्याची रिक्षा फिरवणारा, पत्रकं वाटणारी पोरं, चहावाला, मंडपवाला, जीपचा ड्रायव्हर, या सगळ्यांची एक यादी करा, आणि ज्याची रक्कम सगळ्यात लहान त्याच्याकडे सगळ्यात आधी जा. त्याला बोलावू नका, स्वतः जा. एकदम जमत नसेल तर तारीख सांगा आणि ती पाळा. उसने देणाऱ्या मित्राशीही एकदा समोरासमोर बसून हप्ता ठरवा. तो विचारत नाही म्हणजे त्याला गरज नाही असं समजू नका.

आणि सोनं. तुमच्या पत्रात तुमची बायको फक्त सोन्यापाशी येते, हे तुमच्या लक्षात आलं का? प्रचाराच्या त्या चौदा दिवसांत ती काय करत होती? माझा अंदाज आहे की बायकांच्या घोळक्यात, हळदीकुंकवाचं ताट घेऊन तीही दारोदार फिरली असेल, आणि संध्याकाळी पंधरा माणसांचा स्वयंपाक करत असेल. हरली तीही. तिला सगळा आकडा माहीत आहे का? ४ लाख ६० हजार, पैकी कुणाचे किती, व्याज किती, तारण सोडवायची मुदत कधी. आज रात्री वही घेऊन तिच्याशेजारी बसा आणि सगळं वाचून दाखवा. ती रागावेल, रडेल, तिचा तो हक्क आहे. आणि ‘तू कशी आहेस’ हे तिला विचारा. झोपेबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंत, पण मी ते ओझरतं घेत नाही. असंच चालू राहिलं, जेवण जाईनासं झालं किंवा नको ते विचार मनात आले, तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा क्रमांक आहे. फुकट आहे, मराठीत बोलतात. लाजू नका.

मशीनबद्दल. सध्या सगळीकडे तेच चाललंय. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत तर गावकऱ्यांनी ३ डिसेंबरला कागदी मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेऊन पाहायचं ठरवलं होतं, प्रशासनाने ते होऊ दिलं नाही. तुमच्या मनात शंका असेल तर ती दाबू नका, पण चहाच्या टपरीवर ती सुटायची नाही. कागद काढून बसा. मतदान संपल्यावर प्रत्येक बूथचा केंद्राध्यक्ष हजर असलेल्या पोलिंग एजंटला नमुना १७-सी ची प्रत देतो, त्या मशीनमध्ये एकूण किती मतं नोंदली गेली त्याचा हिशेब. आणि तुम्ही मला ज्याचे फोटो पाठवलेत तो नमुना २०, बूथवार निकालाचा तक्ता. तुमचे एजंट जितक्या बूथवर बसले होते, त्यांच्याकडच्या १७-सी गोळा करा आणि एकेका बूथची बेरीज तक्त्याशी ताडून पाहा. जुळली नाही तर ते दोन कागद घेऊन वकिलाकडे जा. निवडणूक याचिका उच्च न्यायालयात करावी लागते आणि तिला निकालापासून ४५ दिवसांची मुदत आहे, म्हणजे जानेवारीचा पहिला आठवडा. मशीनची तपासणी मागायची सोय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये करून दिली, पण ती दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना आणि सात दिवसांच्या आत, तेव्हा तो रस्ता आता उरलेला नाही. आणि बेरीज जुळली तर? तर मित्रांना तसं सांगा. ते तुमच्यावरच्या मायेनेच बोलतात, पण न झालेल्या चोरीचा शोध घेत माणसाची वर्षंच्या वर्षं जातात.

छोट्या पक्षाचे एजंट सगळ्या बूथवर नसतातच. ३२१ बूथ म्हणजे ३२१ माणसं, सकाळी मॉक पोलच्या, म्हणजे चाचणी मतदानाच्या, आधी हजर आणि संध्याकाळी सील होईपर्यंत बसून. तुमच्याकडे किती होती? पत्रात लिहिलं नाहीत. ज्यांच्या जागी एजंट नव्हता त्या बूथबद्दल ठामपणे कुणीच काही बोलू शकत नाही, तुम्हीही नाही आणि मीही नाही.

डिपॉझिटचा विषय लवकर संपवते. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली तरच ते परत मिळतं. दोन लाख दहा हजार वैध मतं धरली तर ३५ हजारांच्या वर. या निवडणुकीत २८८ जागांना ४,१३६ उमेदवार उभे होते. ३,८४८ जण हरले, त्यातल्या बहुतेकांचं डिपॉझिट गेलं. दहा हजार रुपये सरकारजमा झाले, तुमच्या नावावर कसलाही डाग लागला नाही. त्यात तुमची निशाणी राखीव नव्हती. मान्यता नसलेल्या पक्षाला चिन्ह सहसा मिळतं ते माघारीची मुदत संपल्यावर, म्हणजे ४ नोव्हेंबरला, दिवाळी नुकतीच उरकलेली असताना. १८ नोव्हेंबरला संध्याकाळी प्रचार बंद. चौदा दिवसांत ३२१ बूथवर शिलाई मशीन पोहोचवायचं, दिवसाला तेवीस बूथ. समोरच्याचं चिन्ह लोक लहानपणापासून पाहत आलेत. २,३१७ माणसांनी मशीनवर तुमचं नाव, तुमचं चिन्ह शोधून बटण दाबलं. तो आकडा लहान आहे हे मी नाकारत नाही, पण त्यातलं एकही मत सवयीने पडलेलं नाही.

‘मतं खाल्ली’ म्हणणाऱ्यांचं काय करायचं? माझ्या मते यात एकच प्रश्न खरा आहे, तो तुमचा तुम्ही स्वतःला विचारा: उभं राहण्यासाठी मला कुणी पैसे दिले होते का? पत्रात सोनं तारण आहे, उसनवारी आहे, म्हणजे नाही. मग मान वर ठेवा. मतं कुणाच्या सातबाऱ्यावर नसतात. तुम्ही नसता तर त्या २,३१७ पैकी काही त्यांच्याकडे गेली असती, काही दुसरीकडे, आणि काही जण मतदानालाच उतरले नसते. पण एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवणार नाही. जो निवडून आला तो येऊ नये असं जर तुम्हाला मनापासून वाटत होतं, तर आजचं तुमचं दुःख दुहेरी आहे, आणि ते खोटं नाही. उभं राहिल्याने कुणाचं पारडं जड होतं, हा विचार छोट्या पक्षाच्या उमेदवाराला करावाच लागतो. पण तो करायचा माघारीच्या तारखेआधी, निकालानंतर त्याचा चाबूक करून स्वतःला मारायचं नाही. यंदा मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला, साकोलीचा २०८ मतांनी. तिथल्या प्रत्येक छोट्या उमेदवाराला आज कुणी ना कुणी हेच ऐकवत असेल.

तुम्हाला धीर द्यायला येणारे लोक बहुजन समाज पक्षाचे संस्थापक कांशीराम यांचं ते वाक्य सांगतील, पहिली निवडणूक हरायची, दुसरी हरवायची आणि तिसरी जिंकायची. ते सांगणाऱ्यांना मधलं काम माहीत नसतं. कांशीराम पुण्यात सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला होते, तिथून त्यांचं काम सुरू झालं. १९७८ मध्ये बामसेफ ही कर्मचाऱ्यांची संघटना, १९८१ मध्ये डीएस-४ ही संघर्ष समिती, आणि पक्ष निघाला १९८४ मध्ये. १९८४ मध्ये ते स्वतः जांजगीरला हरले, १९८८ मध्ये अलाहाबादला हरले, १९९१ मध्ये इटाव्यातून लोकसभेत गेले. त्यांच्याच पक्षाच्या मायावती कैराना, बिजनौर आणि हरिद्वार अशा तीन ठिकाणी हरल्या आणि १९८९ मध्ये बिजनौरमधूनच जिंकल्या. दोन निवडणुकांच्या मधल्या वर्षांत सायकली, मेळावे, सभासदांच्या वह्या होत्या. आपल्याकडे सांगोल्याचे गणपतराव देशमुख, शेतकरी कामगार पक्षाचे. अकरा वेळा आमदार झाले. पण १९७२ मध्ये हरले होते, आणि १९९५ मध्ये तर १९२ मतांनी हरले. १९९९ मध्ये पुन्हा निवडून आले. २०१९ मध्ये त्यांचा नातू ७६८ मतांनी हरला आणि यंदा त्यांचाच दुसरा नातू सांगोल्यातून जिंकला. खुद्द बाबासाहेबांना १९५२ मध्ये मुंबईत आणि १९५४ मध्ये भंडाऱ्यात लोकांनी निवडून दिलं नाही. ही नावं मी तुमच्याशी बरोबरी करायला सांगत नाही. आपण ती माणसं नव्हे. हरल्यानंतरच्या दिवसांचा वापर त्यांनी काय केला, एवढंच त्यांच्याकडून उचलण्यासारखं आहे.

आता तुमच्या खऱ्या दुःखाकडे येते. एक्केचाळीस.

भावकीची ९० मतं, पडली ४१, म्हणजे निदान ४९ जणांनी दगा दिला, असं गणित तुम्ही मांडलंय. आणि त्यात भावाच्या घरची सहा मतं तुम्ही मनातल्या मनात वजा करून टाकलीत. भाऊ, थोडं थांबा. गावात राहणाऱ्या माणसाचं मत किती ठिकाणी बांधलेलं असतं, हे दुकान चालवणाऱ्या तुम्हाला मी काय सांगू? सोसायटीचं कर्ज, कारखान्याला जाणारा ऊस, संस्थेच्या शाळेत चिकटलेला मुलगा, मंजुरीच्या वाटेवर असलेलं घरकुल. गावात छोट्या पक्षाला मत देणं म्हणजे यातलं काहीतरी पणाला लावणं. भावाने मत दिलं नसेल, तर कशाच्या भीतीने दिलं नाही, हे तुम्हाला ठाऊक नाही. आणि दिलं असेल, तर तुमच्या नजरेतला संशय पाहून तो मान खाली घालत असेल, हेही शक्य आहे. नजर मिळवत नाही म्हणजे चोर, असं नसतं. हरलेल्या धाकट्या भावाकडे कसं पाहावं हेच त्याला कळत नसेल.

शोधू नका. मी हात जोडून सांगते. कुणाला देवळात नेऊन बेल-भंडारा उचलायला लावू नका, पोरांच्या शपथा घ्यायला लावू नका. आमच्याकडे १९९७ च्या त्या निवडणुकीनंतर दोन चुलत भावांमध्ये यावरून बोलणं बंद झालं, ते एकाच्या मयतीलाच उघडलं. मतदान गुप्त आहे. ज्या पुठ्ठ्याच्या आडोशाला तुमच्या भावाने काय केलं हे तुम्हाला पाहायचंय, तसल्याच आडोशाला उभं राहून २,३१७ माणसांनी तुम्हाला मत दिलं. तो आडोसा होता म्हणूनच त्यांना देता आलं. भावाचा आडोसा काढायचा आणि त्यांचा ठेवायचा, असं नाही करता येत.

आता तुम्ही पाठवलेला तो तक्ता. तुमच्या पत्रात फक्त ४१ आहे. मी चष्मा लावून सगळी पानं पाहिली, मोबाइलवर मोठी करून, तुमच्या रकान्यावरून बोट खाली नेत. शून्य, तीन, सात, दोन, अकरा, असं चाललंय. बऱ्याच ठिकाणी शून्य. आणि मग २१४ क्रमांकाचा बूथ येतो. तिथे तुम्हाला ११८ मतं आहेत. शेजारच्या २१५ वर ६३. तुमच्या गावच्या जवळजवळ तिप्पट मतं एका बूथवर आणि तुम्ही त्याचा एका अक्षराने उल्लेख केलेला नाही. तक्त्याचा फोटो काढताना तुमच्या बोटाची सावली नेमकी त्याच ओळीवर पडली आहे.

कुठलं गाव आहे ते? तिथे कोण राहतं? तुम्ही प्रचारात तिथे गेला होतात का, की तुमची रिक्षासुद्धा पोहोचली नव्हती? तिथे कुणी एक बाई असेल, एखादा निवृत्त गुरुजी, दुकानातून पाइप नेणारा एखादा शेतकरी, ज्याने तुमच्यासाठी घरोघर जाऊन शब्द टाकला. ११८ मतं आपोआप पडत नाहीत. आणि त्या माणसाला निकालापासून कुणी फोन केलेला नाही. तुमच्या जिल्हाध्यक्षांनी तुमच्याशी जे केलं, तेच तुम्ही नकळत त्याच्याशी करताय.

तिकडे जाताना तो तक्ता दाखवत फिरू नका. आपल्याकडे मतमोजणी बूथवार होते, त्यामुळे कुठल्या वस्तीने कुणाला दिलं ते सगळ्यांना कळतं, आणि मोठ्यांचा राग अशा वस्तीवर निघू शकतो. आभाराचा फलक लावू नका, गाडी घेऊन चार जण मिळून जाऊ नका. एकटे जा, संध्याकाळी, लोक शेतातून आल्यावर. आभार मानून लगेच उठूही नका. त्यांनी मत का दिलं ते विचारा आणि ऐका. पांदण रस्ता असेल, पाण्याची टाकी असेल, रेशनकार्ड अडलं असेल. त्यातलं एखादं काम तहसील कचेरीत अर्ज घेऊन जाण्याइतकं लहान असेल. ते करायला आमदार असावं लागत नाही.

मोठ्या पक्षाचा निरोप आलाय त्याला आज ना हो म्हणा, ना नाही. झेडपीची निवडणूक काही उद्या होत नाही. सोनं तारण असताना, झोप नसताना, भावावर राग असताना घेतलेला निर्णय तुमचा नसतो, त्या रागाचा असतो. पक्ष बदलणं म्हणजे पाप, असं मी म्हणणार नाही. पण ते तुम्हाला बोलावतात ते या २,३१७ मतांसाठी, आणि ती मतं देणाऱ्यांना तुम्ही अजून भेटलेलाच नाहीत. तुमच्या एजंटांना, २१४ वाल्यांना आधी विचारा. ते म्हणाले जा, तर जा. जिल्हाध्यक्षांना मात्र फोन करत बसू नका. एक साधं पत्र लिहा, किती मतं, किती खर्च, किती देणं, पक्षाने काय कबूल केलं होतं, आणि रजिस्टर पोस्टाने पाठवा. उत्तर येईल न येईल. तुमच्याकडे पावती राहील.

दुकान उद्या उघडा. रब्बीचा हंगाम चालू आहे, हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आहेत, गिऱ्हाईक येणारच. कुणी ना कुणी दारातून हाक मारेल, ‘काय आमदारसाहेब, दीड इंची पाइप आहे का?’ तो टोमणा तुम्हाला लागेल. ‘आहे. किती फूट देऊ?’ एवढंच म्हणा. पाच-सहा दिवसांत हाक बंद होते, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. एखाद्या रविवारी पोरांना घेऊन राहिलेले बोर्ड आणि पताका उतरवून आणा, पोस्टाच्या भिंतीवर चिकटवलेलं शिलाई मशीनही खरवडून काढा. गाव ते पाहतं.

आधी २३ तारखेचा हिशेब. मग रंगवणाऱ्याचे, रिक्षावाल्याचे पैसे. मग एका संध्याकाळी २१४. त्या बूथवर ११८ मतं कुणामुळे पडली ते कळलं की मला कळवा, मी पत्राची वाट पाहीन.

तुमची,
ताई